जागल

(पावसाळ्यापूर्वीच्या प्रशिक्षण शिबिरात सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक आणि तरुण स्वयंसेवक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

ज्वारी हुरड्यावर आली की शेतकरी रात्रीचा घरी झोपत नाही. खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन तो शेताची वाट धरतो. मचाणाखाली शेकोटी पेटते, वर त्याची बैठक जमते आणि पहाटेपर्यंत पिकाची राखण चालते. या राखणीला मराठीत 'जागल' असा एक नेटका शब्द आहे.

जागलीवर बसलेला माणूस भ्यालेला नसतो. भ्यालेल्याला पानांची सळसळही रानडुकरासारखी वाटते आणि चार रात्रींत तो थकून जातो. मुरलेला जागलकरी निवांत असतो. तो विडी ओढतो, एखादे गाणे गुणगुणतो, शेजारच्या शेतातील सोबत्याला साद घालतो. परंतु त्याचा कान उघडा असतो. वाऱ्याने हलणारे ताट कोणते आणि जनावराच्या अंगाने मोडणारे ताट कोणते, हे त्याला आवाजावरून कळते. आपल्या शेताची रोजची रात्र त्याला पाठ असते, म्हणून त्या रात्रीतील वेगळेपण त्याला तत्काळ जाणवते.

सावधपणाचा खरा अर्थ येथे सापडतो. 'सावधान' म्हणजे अवधानासह, लक्ष देऊन. हा शब्द प्रत्येक लग्नमंडपात मंगलाष्टकांच्या अखेरीस उच्चारला जातो. तो ऐकून समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. बाकीचे वऱ्हाडी तो शब्द रीत म्हणून ऐकतात आणि अक्षता टाकून मोकळे होतात. धोक्याच्या सूचनांचेही पुष्कळदा असेच होते. त्या सर्वांच्या कानावर पडतात. परंतु त्यांचा अर्थ घेणारा एखादाच असतो.

धोका बहुधा एकाएकी येत नाही. तो आधी एखादी खूण पाठवतो. ती खूण आणि प्रत्यक्ष आघात यांच्यामध्ये थोडा अवधी असतो, कधी दोन दिवसांचा, कधी दोन मिनिटांचा. तेवढ्या अवधीत तीन गोष्टी घडाव्या लागतात. कोणाला तरी खूण दिसली पाहिजे, त्याने हाळी दिली पाहिजे आणि ऐकणाऱ्यांनी पाऊल उचलले पाहिजे. या तिहींपैकी एक जरी चुकली तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग राहत नाही.

या अवधीचे मोल पुणे शहराने १९६१ मध्ये अनुभवले. पानशेतचे धरण तेव्हा पूर्णत्वास जायचे होते. जुलैच्या पावसाने जलाशय भरत गेला आणि मातीचा बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो बांध धरून ठेवण्याची शर्थ केली. अखेर १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही. जवानांच्या श्रमाने पुण्याला एक मोठी गोष्ट मिळाली. पूर मध्यरात्रीच्या अंधारात न येता दिवसाउजेडी आला आणि हजारो माणसे धावत उंचावर जाऊ शकली. परंतु नदीकाठच्या अनेक घरांना पाण्याची पहिली वर्दी पाण्यानेच दिली. बांधावर खूण दिसली होती, तेथे हातही चालले होते. उणीव राहिली ती हाळीची.

हाळी देण्यासाठी अधिकारपद लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीला महापूर आला होता. मुंबई-गोवा महामार्गावरील ब्रिटिश काळातील दगडी पूल त्या प्रवाहात वाहून गेला. एस. टी. च्या दोन गाड्या आणि काही खाजगी वाहने अंधारात नदीत कोसळली व सुमारे चाळीस जीव गेले. पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या एका साध्या कारागिराच्या लक्षात आले की पूल जागेवर नाही. तो भर पावसात रस्त्यावर धावला आणि त्याने येणारी वाहने थांबविली. कोणी त्याला तेथे नेमले नव्हते. जे दिसले ते सांगितलेच पाहिजे, एवढीच त्याची समजूत होती. त्या रात्री किती माणसे त्यामुळे घरी पोचली याची गणती कोणत्याही कागदावर नाही.

३० जुलै २०१४ ची सकाळही अशीच आठवते. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. बाहेरच्या जगाला ही वार्ता प्रथम कळली ती एस. टी. च्या एका चालकामुळे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या त्या चालकाला नेहमीचे गाव दिसेना. रोजचा रस्ता, रोजची घरे, रोजचा डोंगर त्याच्या डोळ्यांत बसलेला होता, म्हणूनच काय नाहीसे झाले आहे हे त्याला कळले. जागलकऱ्याची नजर म्हणतात ती हीच.

डोंगरउताराखाली वसलेल्या गावांना ही नजर विशेष करून हवी. दरड कोसळण्याआधी डोंगर पुष्कळदा बोलतो. जमिनीला किंवा घराच्या भिंतीला नवी भेग पडते आणि ती दिवसेंदिवस रुंदावते. सरळ उभे असलेले झाड किंवा विजेचा खांब कलतो. काल सहज लागणारे दार आज चौकटीत अडकते. नितळ झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी येते अथवा कोरड्या जागी नवा झरा फुटतो. मोठा पाऊस चालू असताना ओढ्याचे पाणी अचानक कमी झाले, तर वर कोठे तरी मातीने प्रवाह अडविल्याची शंका घ्यावी. लहान दगड घरंगळू लागणे आणि जमिनीतून घुमल्यासारखा आवाज येणे या तर अगदी शेवटच्या खुणा होत. त्या वेळी सामान बांधीत न बसता, उताराच्या दिशेने खाली न पळता, दरडीच्या वाटेतून आडवे बाजूला निघून उंच व भक्कम जागा गाठावी.

या खुणांची वही जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवता येत नाही. ती गावातच ठेवावी लागते. शासनाच्या यंत्रणा दरडप्रवण गावांची पाहणी करतात, याद्या तयार होतात आणि त्या आवश्यकच आहेत. परंतु १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात ज्या इरशाळवाडीवर दरड कोसळली, ती वाडी अशा यादीत नव्हती. इरशाळगडाच्या उतारावरील त्या आदिवासी वस्तीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. बचाव पथकांना भर पावसात पायी चढून जावे लागले. सत्तावीस मृतदेह हाती आले, सत्तावन्न माणसांचा पत्ता लागला नाही. यादीत नाव नसणे म्हणजे अभय मिळणे नव्हे, हा त्या वाडीने दिलेला धडा आहे.

सावधपणाचा सर्वांत मोठा वैरी कोण, असे विचारले तर पुष्कळ जण निष्काळजीपणा असे उत्तर देतील. वस्तुतः तो वैरी आहे सवय. 'पाणी दरवर्षीच पायरीपर्यंत येते', 'ही भेग आजोबांच्या वेळेपासून आहे', 'त्या पुलावरून पाणी असतानाही गाड्या जातात', ही वाक्ये प्रत्येक गावात ऐकू येतात. ती खोटी नसतात. पाणी खरोखरच दरवर्षी पायरीपर्यंत येऊन परत गेलेले असते. त्यामुळेच ती अधिक घातक ठरतात. धोका टळला या अनुभवातून माणूस धोका नाही असा निष्कर्ष काढतो. भेग जुनी असेल. ती गेल्या आषाढात होती तेवढीच आहे काय, हा खरा प्रश्न आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खूण करून मधले अंतर पट्टीने मोजून ठेवले, तर शाळेतील मूलही त्याचे उत्तर देऊ शकेल.

सवयीच्या खालोखाल दुसरा अडथळा आहे लाजेचा. खूण दिसूनही माणूस गप्प का बसतो? बहुधा हसे होईल म्हणून. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट शाळेत प्रत्येकाने ऐकलेली आहे. त्या गोष्टीतील गुराख्याचे पोर खोटे बोलत होते, गंमत म्हणून बोलत होते. परंतु त्या गोष्टीचा एक चुकीचा अर्थ समाजाने मनात धरला आहे. ज्याची हाळी खरी ठरली नाही, तो जणू खोटारडाच. गंमत म्हणून ओरडणारा आणि अंधारात काही हलताना पाहून प्रामाणिकपणे ओरडणारा, हे दोघे एक नव्हेत. पहिल्याने फसविले, दुसरा फार तर चुकला. जागलीवरच्या माणसाने दहा वेळा हाळी दिली आणि नऊ वेळा ते वाऱ्याने हललेले ताट निघाले, म्हणून त्याला मचाणावरून कोणी उतरवीत नाही. दहाव्या वेळी खरोखरच डुकरांचा कळप असतो आणि साऱ्या वर्षाचे धान्य त्या एका हाळीवर वाचते.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांची थट्टा करण्याची रीत याच चुकीतून आली आहे. खात्याने मुसळधार पावसाचा इशारा द्यावा, त्या दिवशी ऊन पडावे आणि चावडीवर हशा पिकावा, हे नेहमीचेच दृश्य. वास्तविक हे इशारे रंगांच्या पायऱ्यांनी दिले जातात आणि प्रत्येक रंगाचा अर्थ ठरलेला आहे. पिवळा रंग सांगतो, लक्ष ठेवा. नारिंगी सांगतो, सज्ज राहा. लाल सांगतो, कृती करा. म्हणजे पाहणे, सिद्ध होणे आणि पाऊल उचलणे हाच क्रम तेथेही आहे. इशारा म्हणजे भविष्यकथन नव्हे. ती दुरून दिलेली हाळी आहे. ती फोल ठरली तर एक रात्र शाळेच्या इमारतीत काढल्याचा त्रास होतो. ती न ऐकली आणि खरी ठरली, तर होणारी हानी भरून निघत नाही.

एखाद्या पोलीस पाटलाने किंवा शिक्षिकेने रात्री वस्ती हलविली आणि सकाळी डोंगर जागच्या जागी असला, तर गावाने काय करावे? त्या व्यक्तीला दोष न देता तिचे आभार मानावेत. ज्या गावात फोल ठरलेल्या हाळीला हसू मिळते, त्या गावात पुढची हाळी उशिरा येते किंवा येतच नाही. हा शिष्टाचार प्रत्येक ग्रामसभेने जाणीवपूर्वक पाळावा, एवढा तो महत्त्वाचा आहे.

काही संकटे मात्र हाळीपुरतीही सवड देत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपेत होती. आदल्या वर्षापासून त्या भागात लहान धक्के जाणवत होते. परंतु मोठा धक्का केव्हा येईल हे सांगणारे शास्त्र तेव्हा नव्हते आणि आजही नाही. तेथे हजारो माणसांचा बळी घेतला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि डोक्यावरच्या जड माळवदांनी. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातही कच्च्या दगडी घरांनीच माणसे चिरडली होती. अशा संकटापुढे रात्री जागून उपयोग नसतो. तेथील जागल घर बांधतानाच करावी लागते. भिंतीचे कोपरे एकमेकांत बांधून घेणे, दारांवरून सलग पट्टा फिरविणे आणि छप्पर हलके ठेवणे, ही जागल एकदाच करावी लागते. पुढे पन्नास वर्षे ती आपोआप चालू राहते.

मोठ्या आपत्तींची ही उदाहरणे ऐकून सावधपणा हा केवळ पावसाळ्याचा किंवा भूकंपाचा विषय आहे, असे कोणी समजू नये. तो घरच्या उंबऱ्याच्या आत सुरू होतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. म्हणजे खूण निर्माण करून ठेवलेली आहे. घरात शिरताच तो वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये, चालू असलेले बंदही करू नये. दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर येऊन वितरकाच्या मदत क्रमांकाला कळवावे.

पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार चावते आणि कित्येकदा झोपमोडही होत नाही. दंश दुखत नाही, व्रण दिसत नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात. ही खूण ओळखणाऱ्या घरात रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोचतो. न ओळखणाऱ्या घरात तो ओवा आणि शेक यांत अडकून पडतो. खाटेवर झोपणे, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचणे आणि रात्री विजेरीवाचून पाऊल न टाकणे, ही घरची जागल. दंश झालाच तर जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रुग्णाला धीर देऊन, तो अवयव न हलविता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे.

शेतात काम करताना वीज चमकली आणि गडगडाट ऐकू आला, तर मधले सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर हा हिशेब आहे. मोजणी तिसाच्या आत आली की काम टाकून पक्क्या घराचा आसरा घ्यावा. एकट्या झाडाखाली माणसाने उभे राहू नये, बैलही बांधू नयेत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. राहिलेली नांगरट उद्या होते.

आता प्रश्न उरतो तो हा की जागायचे कोणी? जुन्या गावगाड्यात त्याचे उत्तर सोपे आणि अन्यायाचे होते. गावाची रात्र राखण्याचे, वर्दी देण्याचे, सांगावे पोचविण्याचे काम महार समाजाच्या माथी वंशपरंपरेने मारलेले होते. जागल्या थंडीवाऱ्यात जागे आणि गाव उबेत झोपे. मोबदला तुटपुंजा, मान तर नाहीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच वेठीविरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. ती रीत गेली हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर एक सोय नाहीशी झाली हे गावाने ध्यानात घेतले नाही. आपल्यासाठी दुसरा कोणी तरी जागा आहे, असे समजून झोपण्याची ती सोय होती. वेठीचा जागल्या गेला, तेव्हा जागण्याचे कर्तव्य साऱ्या गावावर सम प्रमाणात आले. आज कित्येकदा ते कर्तव्य पुन्हा कोणा एकाकडे, पोलीस पाटलाकडे, सरपंचाकडे किंवा 'शासना'कडे ढकलले जाते. शासनाची यंत्रणा चोवीस तास जागी असते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आणि तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक त्यासाठीच आहेत. पण झऱ्याचे पाणी गढूळ झाले हे त्या कक्षाला कळणार कसे, जर पाणी भरायला गेलेल्या बाईने सांगितले नाही तर? आणि ती सांगणार कशी, जर तिचे म्हणणे ऐकून घेण्याची गावाला सवय नसेल तर?

म्हणून येत्या मृगापूर्वी प्रत्येक गावाने, प्रत्येक वाडीने ग्रामसभेत चार गोष्टी ठरवाव्यात. पाऊस रोज कोण मोजणार? सरळ काठांचे एक भांडे उघड्यावर ठेवून सकाळी पट्टीने पाणी मोजले तरी अंदाज येतो, आणि चोवीस तासांत दोनशे मिलिमीटरच्या पुढे गेलेला पाऊस हा अतितीव्र पाऊस समजावा. हाळी कशाने द्यायची? वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडतात. देवळाची घंटा किंवा शाळेची थाळी बंद पडत नाही. जायचे कोठे आणि कोणत्या वाटेने? ती वाट एकदा रात्री चालून पाहावी. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अंथरुणाला खिळलेली आजी, बाळंतीण, न दिसणारा किंवा न ऐकू येणारा माणूस यांना उचलून कोण नेणार? नावे घेऊन ठरवावे. 'कोणीतरी नेईल' या वाक्यात कोणीच नसतो.

बंधुभगिनींनो, जागलीच्या कामाला टाळ्या मिळत नाहीत. पीक सुखरूप घरी आले की गाव पावसाची आणि बियाण्याची वाखाणणी करते. मचाणावर काढलेल्या रात्री कोणाच्या लक्षात राहत नाहीत. संकट टळले तर ते येणार होते हेही सिद्ध करता येत नाही. तरीही शेतकरी दरवर्षी घोंगडी उचलून शेताची वाट धरतो, कारण खळ्यावर पडलेली रास त्याला पुरेशी असते. यंदाच्या पावसाळ्यात रात्री धो धो पाऊस कोसळत असताना गावातील एक तरी खिडकी उघडी असावी, एक तरी कान डोंगराकडे आणि एक तरी डोळा ओढ्याकडे असावा. त्या खिडकीतून हाळी आली, तर ती खरी की खोटी याचा वाद सकाळी घालावा. रात्री आधी उठावे, आणि शेजारच्या म्हातारीला सोबत घेऊन निघावे.